नाबालगीचा कारभार

बडोद्याच्या इतिहासातील सर्वांत गाजलेले राजकीय प्रकरण रणांगणावर नव्हे, तर एका पेल्यात घडले, ही गोष्ट बाहेरगावच्या वाचकांस कदाचित ठाऊक नसेल. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी सकाळचा फेरफटका आटोपून रेसिडेन्सीत परतलेल्या इंग्रज रेसिडेंट कर्नल फेर साहेबांनी पपनसाच्या सरबताचे दोनतीन घोट घेतले, त्यांस चव बरी वाटेना म्हणून उरलेले सरबत त्यांनी फेकून दिले, आणि पेल्याच्या बुडाशी जो गाळ राहिला त्यात सोमल व हिऱ्याची पूड सापडल्याचा बोभाटा होऊन अखेरीस खुद्द मल्हारराव महाराजांच्या चौकशीसाठी सहा जणांचे कमिशन बसले. कमिशनातील तिघा इंग्रजांना महाराज दोषी वाटले. ग्वाल्हेरचे महाराज, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव राजवाडे या तिघा हिंदी सभासदांना आरोप शाबीत झाल्यासारखा वाटला नाही. आणि मतांची अशी समसमान वाटणी झाल्यावर जे व्हावयाचे तेच झाले, म्हणजे ज्याच्या हाती सत्ता होती त्याने आपल्या मनास आले ते केले. मल्हारराव पदच्युत झाले. तेव्हापासून आजतागायत, मनुष्याने तोंडात काय घालावे या प्रश्नावर बडोदेकर कुटुंबात एकमत म्हणून होत नाही, असा माझा समज आहे. निदान दांडिया बाजारातील आमच्या घरापुरता तरी त्यास भरभक्कम पुरावा गेल्या पावसाळ्यात उपलब्ध झाला.

विषय असा होता की, दोघा नातवंडांसाठी विजेवर चालणारा दात घासण्याचा ब्रश घ्यावा किंवा कसे, आणि घ्यावयाचा झाल्यास कोणता. नात सात वर्षांची, नातू चारांचा. पैकी पहिलीच्या पुढच्या दातांत सांप्रत खिंडारे पडलेली, आणि दुसऱ्याची वीसची वीस दातांची पलटण शाबूत असली तरी तिच्या आरोग्याविषयी त्याची स्वतःची वृत्ती सर्वस्वी विरक्ताची. रोज सकाळी हा मुलगा ब्रश तोंडात धरून, तो हलविण्याची कोणतीही जबाबदारी न पत्करता, गॅलरीतून सुरसागराच्या दिशेने जाणारी रहदारी न्याहाळीत उभा राही, आणि हाक आली की ब्रश ओला झाला आहे हा पुरावा दाखवून सुटका करून घेई. या परिस्थितीचा विचार करण्यासाठी आमच्याकडेही सहा जणांचे कमिशन आपोआप जमले. चिरंजीव, सूनबाई आणि पुण्याहून दूरध्वनीच्या पडद्यावर हजर झालेली आमची कन्या यांचे मत यंत्राच्या बाजूने पडले. आमची सौभाग्यवती, मी, आणि कारेलीबागेतून मुद्दाम बोलावलेले गुजराती व्याही यांस यंत्राची आवश्यकता शाबीत झाल्यासारखी वाटली नाही. तीन विरुद्ध तीन. सत्ता कोणाच्या हाती होती हे सांगण्याची आवश्यकता नाही. सूनबाईंनी पदर खोचला, आणि प्रश्न ‘घ्यावा की न घ्यावा’ येथून ‘कोणता’ येथे येऊन ठेपला.

विरोधी पक्षाची बाजू तशी लंगडी नव्हती. आमचे व्याही साठीपर्यंत दातणावर वाढलेले गृहस्थ. अद्यापही अखंड सुपारी दाढेखाली फोडून दाखवितात आणि ती फोडल्यावर विजयी मुद्रेने सर्वांकडे पाहतात. खंडेराव मार्केटच्या बाजूस गेले की बाभळीच्या काड्यांची जुडी आणल्याखेरीज परतत नाहीत. “जुओ वेवाई, आमां बॅटरी नथी, चार्जर नथी,” असे म्हणून त्यांनी एक काडी माझ्यासमोर धरली. मला तर सुश्रुतच आठवला. त्याने चिकित्सास्थानात दंतपवनाचे जे माप घालून दिले आहे ते पाहता, आजच्या कोणत्याही कारखानदाराने हेवा करावा अशी ती बिनचूक फर्माईश आहे: काडी बारा अंगुळे लांब असावी, करंगळीएवढी जाड असावी, सरळ असावी, तिला गाठ नसावी, कीड नसावी, ती ताजी असावी, आणि वृक्षाची निवड करताना कडू जातींत निंब, तुरट जातींत खैर, गोड जातींत मोह व तिखट जातींत करंज श्रेष्ठ मानावा. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्राहकासही चार चवींतून निवड करावी लागत होती. स्ट्रॉबेरी तेवढी राहून गेली. परंतु सुश्रुताचे हे विवेचन मी कमिशनापुढे भारदस्त आवाजात मांडले तेव्हा सूनबाईंनी एकच प्रश्न विचारला: “बाबा, करंगळी कुणाची? चार वर्षांच्या मुलाची की तुमची?” ग्रंथात याचा खुलासा मला सापडला नाही.

वस्तुतः दंतधावनाच्या बाबतीत प्रत्येक पिढीने मागल्या पिढीस रानटी ठरविण्याचा प्रघात आमच्या घरात जुना आहे. आजोबा राखुंडीने दात घाशीत. वडिलांना ती राखुंडी पाहून शहारे येत, कारण ते मुंबईहून येणारे माकडछाप काळे मंजन वापरीत आणि त्या काळ्या मंजनास सुधारणेचे लक्षण समजत. ब्रश म्हटला की आजोबा उठून जात. आणि त्यांच्याकडे न्याय होता, कारण त्या काळी उत्तम ब्रशाचे केस डुकराचे असत, आणि ज्या घरात चातुर्मासात कांदा उंबऱ्याबाहेर थांबे त्या घरात वराहाने थेट मुखात प्रवेश करावा हे व्हायचे कसे? ही अडचण १९३८ साली अमेरिकेत ड्यूपॉंट कंपनीच्या नायलॉनने दूर केली. नायलॉनास जात नव्हती. त्यानंतर आमच्या माळवदी न्हाणीत ब्रश आला, पण तोदेखील कोनाड्यात, देवघरापासून शक्य तितक्या अंतरावर. राखुंडी, मीठ, विटकरीचा भुगा या साऱ्यांनी दातांचे जे वरचे कवच झिजे ते पाहता, फेर साहेबांच्या पेल्यातील हिऱ्याच्या पुडीवाचूनही आमच्या पूर्वजांनी आपल्या दातांचे पुरेसे नुकसान करून घेतले होते असे मला आता वाटते. व्याह्यांसमोर मात्र मी हे बोलत नाही.

विजेच्या ब्रशाची जन्मकथा मला या गडबडीत समजली आणि तिने माझ्या विरोधाची धार बोथट केली. १९५४ साली स्वित्झर्लंडात फिलिप-गी वूग यांनी जो ब्रॉक्सोडेंट नावाचा ब्रश तयार केला, तो भिंतीतील विजेला तारेने जोडावा लागे, आणि तो मुळात आळशी लोकांसाठी नव्हताच. ज्यांच्या हाताची हालचाल नीट होत नाही अशा रुग्णांसाठी आणि ज्यांच्या दातांना तारा बसविल्या आहेत अशांसाठी तो होता. आता, ज्याच्या हाताची हालचाल नीट होत नाही असा प्राणी म्हणजे चार वर्षांचे मूल नव्हे काय? आमचा नातू खिचडीचा चमचा तोंडात नेतो तेव्हा चमच्याने कोणता मार्ग धरावा याविषयी हात, कोपर आणि मनगट यांच्यात तीव्र मतभेद असतात. दंतवैद्यांचे म्हणणे असे पडते की, मुलास सात-आठ वर्षांचे होईपर्यंत, किंवा त्यास आपल्या बुटाचे बंद स्वतः बांधता येईपर्यंत, दात घासण्याचे काम वडीलधाऱ्यांनीच करावे वा निदान त्यावर हात ठेवून करवून घ्यावे.

येथे मला बडोदे राज्याचा दुसरा अध्याय आठवला. मल्हाररावांना दूर केल्यावर, त्यांच्या आधी गादीवर असलेल्या खंडेराव महाराजांच्या राणी जमनाबाईसाहेब यांनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या गोपाळराव नामक बारा वर्षांच्या मुलास २७ मे १८७५ रोजी दत्तक घेतले, आणि तो सयाजीराव या नावाने गादीवर बसला. पण गादीवर बसणे निराळे आणि अखत्यार मिळणे निराळे. २८ डिसेंबर १८८१ पर्यंत, म्हणजे साडेसहा वर्षे, राज्याचा सारा कारभार दिवाण सर टी. माधवराव यांच्या हाती होता, आणि महाराज तोवर अक्षरे गिरवीत, घोड्यावर बसत, हिशेब शिकत. दिवाणाने पुढे मागे न पाहता सारा कारभार आपल्याच हाती ठेवला असता तर सयाजीरावांसारखा राज्यकर्ता बडोद्यास लाभला नसता; आणि पहिल्याच दिवशी बारा वर्षांच्या मुलाच्या हाती शिक्के-कट्यार देऊन दिवाण काशीस निघून गेला असता तर काय झाले असते याची कल्पनाही करवत नाही. बालकाचे मुख हे असेच एक नाबालगीतील संस्थान आहे. विजेचा ब्रश त्या संस्थानावर नेमलेला कामदार होय, रीजंट नव्हे. आणि बहुसंख्य आईबाप हा ब्रश विकत घेतात तो, लवकर उठून न्हाणीच्या दारात उभे राहण्याच्या आपल्या कर्तव्याचा राजीनामा म्हणून. आमच्या चिरंजीवांच्या उत्साहाचे मूळ मला इथेच दिसले. “बाबा, एकदा बटण दाबले की तो आपोआप करतो,” हे वाक्य त्यांनी ज्या निर्मळ आनंदाने उच्चारले, त्या आनंदाने पूर्वी सरदार लोक आपल्या जहागिरीवर कारकून नेमून पुण्यास राहावयास जात असत.

दुकानाची वर्दी सांगावयाची तर ती रावपुऱ्यातील एका औषधांच्या व प्रसाधनांच्या दुकानाची. काउंटरवर विक्रेत्याने एकामागून एक खोकी उघडली. किंमत काही शेकड्यांपासून काही हजारांपर्यंत, आणि प्रत्येक खोक्यावर कोणी ना कोणी काल्पनिक प्राणी हसत असलेला. जो ब्रश हाती घ्यावा त्याविषयी तो म्हणे, “अंकल, मारा घरे पण आ ज छे.” असे बरेच झाल्यावर याच्या घरी मुले किती असावीत याचा मी मनोमन हिशेब मांडू लागलो. सर्वांत महाग ब्रश असा होता की तो मोबाइलशी संधान बांधतो, मुलाने कोणता दात किती वेळ घासला याचा अहवाल पालकांस पाठवितो, आणि काम नीट झाल्यास पडद्यावरील राक्षसास ठार करतो. तो पाहून मला बडोद्याच्या तोफा आठवल्या: खंडेराव महाराजांनी चांदीची करविली, मल्हाररावांनी त्यावर ताण म्हणून सोन्याची, मिरवणुकीत बैल त्या ओढीत, लोक तोंडात बोट घालीत, पण त्यांनी कोणता किल्ला सर केला हे अद्याप कोणी सांगितलेले नाही. मुलास दात घासण्यासाठी आधी मोबाइल हाती द्यावा आणि मग तो परत घेण्यासाठी सकाळची शाळा चुकवावी, हा व्यवहार सूनबाईंसही पटला नाही. खोके परत गेले.

कमिशनाच्या निकालावर नाक मुरडणाऱ्या मलाही पुढे एक गोष्ट मान्य करावी लागली की, निवडीत जे पाहावयाचे ते फारसे गूढ नाही. मुलाच्या ब्रशाचे डोके लहान हवे, इतके की ते एकावेळी एकदोन दातांपलीकडे जाऊ नये. केस मऊ हवेत. जोराने दाबल्यास तो थांबावा अथवा दिवा लागून कळावे. आणि बहुतेक कारखाने तीन वर्षांच्या आत तो देऊ नये असे स्वतःच लिहितात, ते वाचावे. मोठ्यांचे डोके मुलाच्या ब्रशास बसते म्हणून बसवू नये. यापुढे खरा वाद राहतो तो गतीचा. एका प्रकारात वाटोळे डोके इकडून तिकडे अर्धवट फिरते; दुसऱ्या प्रकारात केस मिनिटास हजारो वेळा थरथरतात, आणि या जातीचा जो मोठ्यांचा ब्रश १९९२ च्या सुमारास अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठातील दोघा प्राध्यापकांच्या सहकार्याने निघाला त्याची जाहिरात मिनिटास ३१ हजार हालचालींची होती. शंका अशी की इतक्या हालचालींनी खरोखर काही साधते काय? तर साधते. कॉक्रेन या संस्थेने २०१४ साली ५६ चाचण्या आणि त्यांतील ५,०६८ माणसांचा हिशेब एकत्र केला तेव्हा, तीन महिन्यांपेक्षा अधिक काळ वापर केल्यास साध्या ब्रशापेक्षा दातांवरचे कीटण २१ टक्के आणि हिरड्यांचा दाह ११ टक्के कमी आढळला. मी हे आकडे व्याह्यांना वाचून दाखविले. त्यांनी सुपारी फोडली.

प्रत्यक्ष वापराची पहिली सकाळ मोठी गोंगाटाची गेली. ब्रश सुरू करून मग तोंडात घालावयाचा नसतो, तोंडात घालून मग सुरू करावयाचा असतो, हे चिरंजीवांस ठाऊक नव्हते, म्हणून आरशावर, भिंतीवर आणि चिरंजीवांच्या कचेरीच्या सदऱ्यावर पांढऱ्या फेसाचे समप्रमाणात वाटप झाले. नातवाने त्या आवाजाचे वर्णन ‘भुंगा’ या एकाच शब्दात केले आणि तो कॉटखाली जाऊन बसला. आमच्या मोहल्ल्याची परंपरा सांगावी तर ती अगदी उलट आहे. १८९३ ते १९०६ पर्यंत बडोद्यास नोकरीत असलेले श्रीअरविंद जेथे राहिले ते घर दांडिया बाजारातच, त्यांचे नाव धारण करून उभे आहे. आणि १९०८ सालच्या आरंभी ते पुन्हा बडोद्यास आले तेव्हा विष्णु भास्कर लेले या महाराष्ट्रीय योग्याच्या मार्गदर्शनाखाली त्यांचे मन अवघ्या तीन दिवसांत संपूर्ण निःशब्द झाले असे ते स्वतः सांगत. त्याच गावात दोन मिनिटांच्या भुंग्याने आमचे सहा माणसांचे घर हादरले, ही कालगती. सूनबाईंनी शेवटी जी युक्ती केली ती लेल्यांच्या पंथातील होती असे मी म्हणेन: पहिले काही दिवस ब्रश बंदच ठेवून घासले, मग तो तळहातावर, मग नाकाच्या शेंड्यावर, मग आजोबांच्या टकलावर चालवून दाखविला. टकलाचा प्रयोग फारच लोकप्रिय झाला आणि अद्याप अधूनमधून चालू असतो.

ब्रशात वेळ मोजण्याची सोय असते. दोन मिनिटे पूर्ण झाली की तो थांबतो, आणि दर तीस सेकंदांनी एक झटका देऊन मुखाचा चौथा हिस्सा संपल्याची वर्दी देतो. हा चार हिश्श्यांचा मामला मुलांना काही केल्या कळेना. वरचा डावा, खालचा उजवा या शब्दांनी त्यांचा गोंधळच उडे. शेवटी मी जुन्या दप्तराचा आधार घेतला. बडोदे राज्याचे कडी, बडोदे, नवसारी आणि अमरेली हे चार प्रांत, प्रत्येकावर एक सुभा, आणि मधून मधून इंग्रजी व इतर मुलूख घुसलेला. नातीच्या दातांची सद्यःस्थिती पाहता नकाशा हुबेहूब जुळला. वरची उजवी बाजू कडी, वरची डावी बडोदे, खालची डावी नवसारी, खालची उजवी अमरेली. आता न्हाणीतून सकाळी, “आजोबा, नवसारी झाली!” अशी ललकारी येते, आणि शेजारच्या वाड्यातील लोकांस आम्ही काही नवा उद्योग सुरू केला असावा असा संशय आहे. अमरेलीवर नातवाचा स्पष्ट अन्याय होतो. तेथवर पोहोचेतो त्याला शाळेची बस आठवते. ज्या अमरेलीत सयाजीरावांनी १८९३ साली सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण प्रथम सुरू केले, आणि मग १९०६ साली साऱ्या राज्यात नेले, तिच्या वाट्यास आज अशी उपेक्षा यावी याचे मला वाईट वाटते, म्हणून आम्ही हल्ली कारभार अमरेलीपासूनच सुरू करतो.

एक पाचवा मुलूख मात्र सर्वांत धोक्याचा. साधारण सहाव्या वर्षी, कोणताही दुधाचा दात न पाडता, सर्वांच्या मागे, अगदी टोकाला, एक कायमची दाढ निमूटपणे उगवते. तिच्या आगमनाचा समारंभ होत नाही, उंदराला दात दिला जात नाही, आणि पुष्कळ आईबाप ती दुधाचीच समजून तिची आबाळ करतात. ती आयुष्यभराची असते. आमच्याकडे तिचे नाव ओखामंडळ. काठेवाडच्या पश्चिम टोकाला, राज्याच्या मुख्य भागापासून दूर असलेला तो मुलूख, जिथे वाघेर लोकांनी बंडे केली आणि हुजुरातील कारभाऱ्यांची झोप उडविली. मागच्या दाढेतही बंड उठले म्हणजे रात्री दोन वाजता कोणाची झोप उडते हे मला वेगळे सांगावयास नको. नातीच्या तोंडात ही ठाणी केव्हाच बसली आहेत, आणि तेथवर ब्रशाचे लहान डोके नेण्याचे काम अद्याप सूनबाई स्वतः करतात. नात चिडते. आपण दुसरीत आहोत, आपल्याला बंद बांधता येतात, असा तिचा दावा आहे. बंद मी तपासले. ती गाठ होती, पण त्या गाठीस फासा म्हणता येईल काय याविषयी घरात अजून वाद आहे.

पेस्टचे प्रमाण हा एक वेगळाच विषय आहे. जाहिरातीत ब्रशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लाटेसारखी जी लफ्फेदार वेलांटी काढलेली असते, ती प्रौढांनाही नको. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहापर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे, कारण मुले ती थुंकण्यापेक्षा गिळण्यास अधिक तत्पर असतात. आमच्या सौभाग्यवतीस हे तांदूळ-वाटाण्याचे माप तत्काळ पटले. साऱ्या प्रकरणात स्वयंपाकघराच्या भाषेत बोलणारे एवढेच कलम तिला सापडले.

आता पैशाकडे येतो. ब्रश स्वस्तात मिळतो. खरा वसूल त्याच्या डोक्यांवर असतो. डोके तीन महिन्यांनी, किंवा केस फाकले तर त्याआधी बदलावयाचे, म्हणजे एका मुलास वर्षाची चार, दोघांची आठ. आणि एखाद्या कारखान्याने तो नमुना बंद केला की हातात उरतो तो एक सुबक, रंगीत, निरुपयोगी दांडा. म्हणून शहाण्या गृहस्थाने ब्रश घेण्याआधी त्याच दुकानात त्याची डोकी मिळतात काय हे विचारावे. या संदर्भात मला काका कालेलकरांनी सांगितलेला एक प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. कालेलकर हे एके काळी बडोद्याच्याच गंगनाथ विद्यालयाचे आचार्य. १९३० साली ते येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींच्या सोबतीस होते, आणि रोज निंबाची काडी आणून तिचे टोक कुटून गांधीजींसाठी दातण तयार करीत. वापर झाल्यावर गांधीजींनी सांगितले की वापरलेले टोक तेवढे कापून टाका आणि उद्या हीच काडी चालवा. कालेलकर म्हणाले, येथे ताजी काडी रोज मिळते. मिळते हे खरे, पण म्हणून ती घेण्याचा आपल्याला हक्क नाही, काडी वाळून निरुपयोगी होईतो टाकायची नाही, असा त्यावर निर्णय झाला. म्हणजे दांडा तोच ठेवून डोके तेवढे बदलावे ही कल्पना येरवड्यात आधीच अमलात होती; फरक इतकाच की तेथे नवे डोके फुकट मिळे. हे मी व्याह्यांना सांगितले तेव्हा प्रथमच ते यंत्राविषयी किंचित आदराने बोलले, आणि लगेच आपल्या बाभळीच्या काडीचे टोक कापून ती खिशात ठेवली.

विजेरी आत बंदिस्त केलेली, बदलता न येणारी, असाही एक प्रकार असतो; ती मेली की सारा ब्रशच मेला. पेन्सिल-सेलचा ब्रश घ्यावा तर सेल संपत आल्यावर भुंग्याचा वृद्ध डास होतो आणि मुले त्यावर हसतात. सूनबाईंनी पेटीवर ठेवून भरावयाचा घेतला. त्याच्या पेटीत व दांड्यात कोठेही उघडा धातू एकमेकांस लागत नाही, दोन्हींकडे तारेची वेटोळी असतात आणि वीज मधल्या अंतरातून जाते, त्यामुळे ओल्या हाताने धरला तरी भय नाही. परंतु ती पेटी स्वतः भिंतीतल्या खाचेतच खोचावी लागते, आणि आमचा वाडा ज्या काळी बांधला त्या काळी न्हाणीत विजेची खाच ठेवावी असे कोणाच्या स्वप्नातही आले नव्हते. साऱ्या मजल्यावर मोकळी खाच एकच निघाली. ती देवघरात, समईच्या उजव्या हातास, जेथे गणपतीत दिव्यांच्या माळा लावतो. ज्या घरात ब्रश देवघरापासून शक्य तितक्या दूर राही त्या घरात आता दोन ब्रश देव्हाऱ्याच्या पायरीशी उभे राहून रात्रभर मंद हिरवा दिवा दाखवितात, आणि शेजारच्या एका वृद्ध बाईंनी संध्याकाळी येऊन त्यांसही हळदकुंकू लावल्याचे माझ्या नजरेस आले आहे.

या सान्निध्याचा परिणाम असा झाला की ज्या सौभाग्यवतीने यंत्राच्या विरुद्ध मत दिले होते, तिने एके दिवशी जुने झालेले एक डोके धुऊन, चिंचेच्या कोळात बुडवून, रांगत्या पितळी बाळकृष्णाच्या काखेतले आणि बोटांच्या बेचक्यांतले काळे डाग दोन मिनिटांत उतरविले. कापडाने जे डाग वर्षानुवर्षे हलले नव्हते ते निघाले. त्या दिवसापासून विजेविषयी तिची भाषा बदलली, आणि पुढची डोकी मागविताना तिने दोनाऐवजी तीन मागवावयास लावली. डोक्यांच्या बुडाशी ओळखीसाठी निरनिराळ्या रंगांची कडी असतात. नातीने जांभळे घेतले, आणि पिवळ्यावर नातवाने हात ठेवला असता आजीने ते काढून घेतले, कारण पिवळा रंग पीतांबराचा, तो बाळकृष्णासच शोभावा. नातवाने घरभर आकांत केला. त्याचा मुद्दा कायद्याच्या दृष्टीने बिनतोड होता: हा बाळ तर अजून रांगतो, त्याला दात कुठे आहेत?

“दात नसले म्हणून काय झालं?” आजी म्हणाली, “लोणी तर रोज खातो ना?”